लेडव्हिलची दफन-नोंदवही

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहूनही अधिक उंचीवर लेडव्हिल नावाचे एक गाव आहे. 'लेड' म्हणजे शिसे. नावाप्रमाणे हे शिशाचे गाव. परंतु त्याला वैभव आले ते शिशात दडलेल्या चांदीमुळे. १८६० साली या भागातील एका ओढ्याच्या वाळूत सोने सापडले आणि लोकांची झुंबड उडाली. काही वर्षांत ते सोने आटले. सोने धुऊन काढताना एक जड, काळी वाळू सतत आड येई. लोक तिला शिव्या देत आणि बाजूला फेकून देत. १८७० च्या दशकाच्या मध्यास कुणीतरी ती वाळू तपासून घेतली, तेव्हा ते चांदीयुक्त शिसे असल्याचे उघडकीस आले. १८७७ साली गाव वसले आणि १८८० च्या जनगणनेत तेथे १४,८२० माणसे मोजली गेली. डेन्व्हरखालोखाल राज्यातील हे दुसरे मोठे शहर ठरले. आज तेथे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही वस्ती नाही.

या गावाच्या कडेला १८७९ पासूनची 'एव्हरग्रीन' नावाची दफनभूमी आहे. तिच्यात धनिकांची संगमरवरी थडगी आहेत, निरनिराळ्या मंडळांचे राखीव भाग आहेत, आणि एका बाजूस पाइन वृक्षांच्या दाटीत एक भाग आहे. जुन्या नकाशावर त्याचे नाव 'कॅथलिक फ्री' असे आहे. ज्यांना जागेचे पैसे देणे शक्य नव्हते अशा कॅथलिकांना तेथे विनामूल्य पुरले जाई. या भागात दगड नाहीत. आहेत ते केवळ जमिनीतील चौकोनी खळगे, ओळीने, एकामागून एक. लाकडी पेटी कुजली की वरची माती खाली बसते आणि माणसाच्या लांबीचा खळगा तयार होतो. एके काळी तेथे लाकडी फळ्या वा क्रूस रोवलेले असतील. हिमवर्षाव आणि उन्हाने त्यांची माती केली. खळग्यांपैकी कितीतरी फारच आखूड आहेत. ते मुलांचे आहेत, हे सांगण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतील प्राध्यापक जेम्स वॉल्श यांनी या खळग्यांचा छडा लावण्याचे काम हाती घेतले. खुणेचे दगड नव्हते. मग त्यांनी चर्चच्या दप्तराकडे मोर्चा वळवला. लेडव्हिलचे अनन्सिएशन चर्च, म्हणजे देवदूताच्या निरोपाला वाहिलेले मंदिर, १८७९-८० मध्ये उभे राहिले. (पुढे टायटॅनिक जहाजाच्या अपघातातून वाचलेली आणि जगभर गाजलेली मार्गारेट ब्राऊन हिचा विवाह १८८६ साली याच चर्चमध्ये झाला. त्या वेळी ती एका आयरिश मजुराची मुलगी होती.) चर्चच्या नोंदींतून तेराशेहून अधिक मृतांचा पत्ता लागला. त्यांतील बहुसंख्य आयरिश होते. मृतांचे सरासरी वय निघाले सुमारे तेवीस वर्षे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. तेवीस ही सरासरी तरुण माणसांच्या मृत्यूमुळेही खाली आली, हे खरे. खाणीतील अपघात, दारू, न्यूमोनिया यांनी तरणेताठे मजूर नेले. परंतु एवढ्याने सरासरी इतकी घसरत नाही. ती घसरते तान्ह्या बाळांमुळे.

विरळ हवा, लाकडी खोपट्यांतून शिरणारा गारठा, चांदी-शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांचा धूर आणि दाटीवाटीची वस्ती, या साऱ्यांत न्यूमोनिया हा लेडव्हिलचा पहिला वैरी होता. घटसर्पासारख्या रोगांवर त्या काळी उपाय नव्हता. घटसर्पावरची प्रतिलस वापरात येईपर्यंत १८९० चे दशक उजाडले. लेव्हनवर्थच्या चॅरिटी धर्मभगिनींनी १८७९ सालीच येथे सेंट व्हिन्सेंट रुग्णालय उघडले होते. रस्ते धड नव्हते, गाव नीट बसलेले नव्हते, अशा वेळी त्या तेथे पोहोचल्या होत्या, हे आपण विसरू नये.

ही माणसे आली कोठून? त्यांतील अनेक जण आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या बेअरा द्वीपकल्पातील होते. तेथे अ‍ॅलिहीज नावाचे गाव आहे. १८१२ च्या सुमारास पक्सली घराण्याने तेथे तांब्याच्या खाणी सुरू केल्या. मालक प्रोटेस्टंट, कुशल कारागीर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आणलेले, आणि कष्टाचे काम स्थानिक कॅथलिकांचे, अशी तेथली रीत होती. १८८० च्या दशकात त्या खाणी बंद पडल्या. सुरुंग लावणे, आधाराचे खांब उभे करणे, अंधारात दगडाचा रोख ओळखणे एवढीच विद्या अंगी असलेली माणसे ती विद्या जेथे विकली जाईल तेथे निघाली. लेडव्हिल, आणि पुढे माँटाना राज्यातील ब्यूट.

मजुरांची मागणी काय होती, हेही सांगितले पाहिजे. १८८० च्या मे महिन्यात लेडव्हिलचे खाणकामगार संपावर गेले. मायकल मूनी हा त्यांचा पुढारी. दिवसाला तीनऐवजी चार डॉलर आणि आठ तासांचे काम, ही त्यांची मागणी. राज्यपालांनी लष्करी कायदा पुकारला आणि संप मोडला. १८९३ साली सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळला, खाणी ओस पडल्या. १८९६ साली सर्वांना किमान तीन डॉलर मिळावेत म्हणून पुन्हा संप झाला. त्या सप्टेंबरमध्ये कोरोनाडो खाणीवर हल्ला झाला, माणसे मेली, आणि १८९७ च्या मार्चमध्ये तोही संप फसला. सोळा वर्षांनंतरची मागणी पूर्वीच्या मागणीहून कमीच होती. ज्या घरात दिवसाचे अडीच-तीन डॉलर येत, त्या घरात मूल दगावले तर थडग्याचा दगड कोठून येणार? कोरलेला दगड हे सुखवस्तू माणसाचे स्मरण आहे. गरिबाचे स्मरण नोंदवहीत असते.

ही नोंदवही कोठून आली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात पाच वह्यांचे नमुने दिले गेले, आणि त्यांतील एक मृतांची होती. नाव, वय, दिनांक, अखेरचे संस्कार मिळाले की नाही, देह कोठे पुरला, खाली धर्मगुरूची सही. धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या आम्हा मंडळींना हे काम कधी कधी कंटाळवाणे वाटते, हे मान्य करतो. परंतु लेडव्हिलमध्ये त्या काळी आजारी माणसे, लग्ने, भांडणे आणि संप यांच्या गर्दीतही कोण्या धर्मगुरूने रात्री दिवा लावून त्या ओळी लिहिल्या, म्हणूनच आज ती नावे आपल्यापुढे आहेत.

मुलांच्या बाबतीत या वहीचे मोल का अधिक आहे, हे थोडे हिशोबाने पाहू. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीत सापडले आणि उरलेसुरलेही पुढे नष्ट करण्यात आले. कोलोरॅडोने १८८५ साली आपली स्वतंत्र गणना केली होती, तेवढी मध्ये उपयोगी पडते. म्हणजे १८८५ च्या उन्हाळ्यानंतर जन्मलेले आणि १९०० च्या उन्हाळ्यापूर्वी वारलेले मूल, मग ते दोन दिवसांचे असो वा चौदा वर्षांचे, कोणत्याही गणनेत सापडत नाही. सरकारच्या लेखी ते जन्मलेच नाही असे म्हटले तरी चालेल. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदही त्या काळी ढिसाळ होती. अशा मुलाची उरलेली खूण म्हणजे चर्चच्या वहीतील एक ओळ.

तीही ओळ वाचणे सोपे नसते. लॅटिन भाषेतील नोंदींत जेम्सचा 'याकोबुस' होतो आणि जॉनचा 'योहान्नेस'. बेअराच्या परिसरात सलिव्हन आणि हॅरिंग्टन ही घराणी इतकी पसरलेली की एकाच गावात त्याच नावाचे चार-पाच गृहस्थ सहज निघत, म्हणून घराण्यांना टोपणनावे पडली. आपल्या वसईत एकेका गावात लोपीस वा परेरा किती आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. आणखी एक फसवी गोष्ट आहे. आयरिश घरांत थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा होती, आणि ते मूल वारले तर पुढच्या बाळाला तेच नाव पुन्हा दिले जाई. शोध घेणारा वंशज स्नानसंस्काराच्या नोंदीत पणजोबांचे नाव पाहून हर्षित होतो. प्रत्यक्षात ती नोंद पणजोबांच्या आधी जन्मून गेलेल्या भावाची असते. मृतांची वही उघडल्याखेरीज हा घोळ सुटत नाही. नाव दोनदा का आले, हे तेथे कळते, आणि घरात कुणीही कधी न उच्चारलेले एक मूल समोर येते.

अशा वेळी हाताला धरून नेतात ते धर्ममातापिता. कारण अनोळखी देशातही माणसे आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या माणसालाच बाळाचा धर्मपिता करतात. त्यांची नावे आणि आईचे माहेरचे आडनाव हाती आले की बेअराच्या वह्यांपर्यंत वाट निघते. आयर्लंडची बरीचशी सरकारी कागदपत्रे १९२२ साली डब्लिनच्या यादवीत जळाली. परंतु कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या तेथे ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. त्यांची छायाचित्रे २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत.

येथे एका कठीण विषयाला स्पर्श करणे भाग आहे. स्नानसंस्काराविना दगावलेल्या बाळाला पवित्र भूमीत जागा नाही, असा पूर्वीचा दंडक होता. १९१७ च्या धर्मसंहितेतही तो स्पष्ट शब्दांत आहे. आयर्लंडमध्ये अशा बाळांना गावाच्या शिवेवर, पडक्या मठापाशी, समुद्राच्या काठी, बहुधा सूर्यास्तानंतर पुरले जाई. त्या जागांना 'किलीन' म्हणत. बाप एकटा पेटी घेऊन जाई. बेअराहून लेडव्हिलला आलेल्या प्रत्येक आईला किलीन म्हणजे काय हे ठाऊक होते. म्हणूनच बाळ अशक्त दिसताच सुईणीने वा शेजारणीने घाईघाईने कपाळावर पाणी ओतायचे. मृत्यूचा धोका असता कोणीही हा संस्कार करू शकतो, ही चर्चची शिकवण जुनीच आहे. दफनाच्या नोंदींत ज्यांना स्वतःचे नावही मिळाले नाही, केवळ आडनाव आणि 'बालक' एवढेच ज्यांच्या वाट्याला येते, त्या ओळींमागे किती धावपळ आणि किती भीती असेल याची कल्पना येते.

आमच्या सेमिनरीच्या काळात १९८३ ची नवी संहिता हाती होती; १९१७ ची आम्ही ग्रंथालयाच्या कपाटातच पाहिली. नव्या संहितेनुसार, आईवडिलांची इच्छा असूनही स्नानसंस्काराआधी वारलेल्या बाळाचा अंत्यविधी चर्चमध्ये करण्यास बिशप अनुमती देऊ शकतात. २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम कारणे आहेत, असे प्रतिपादन केले. 'लिम्बो' हा कधीच श्रद्धेचा सिद्धान्त नव्हता, हेही तेथे नमूद आहे. ज्या आया किलीनच्या भीतीने जन्मभर झुरल्या त्यांना हे कळायला फार उशीर झाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

१८९७ नंतर अनेक कुटुंबे लेडव्हिल सोडून गेली. ब्यूटमध्ये तांबे होते, संघटना बळकट होती, मजुरी बरी होती. सामान गाडीत चढले. खळगे मागे राहिले. दोन पिढ्यांनंतर ब्यूटमधील नातवंडांना आजीची सात मुले ठाऊक, लेडव्हिलच्या पाइनखाली ठेवलेली दोन ठाऊक नाहीत, असे झाले तर नवल नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्या वृक्षांच्या दाटीतच स्मारक उभे राहिले. मध्ये खाणकामगाराचा पुतळा, आणि भोवती वह्यांतून मिळालेली नावे, वयांसह. कोणत्या खळग्यात कोण, हे सांगता येत नसल्याने ती सर्वांना मिळून आहेत. आयर्लंडहूनही माणसे त्या सोहळ्यास आली होती.

आपल्याकडे दफनभूमी लहान आणि माणसे फार, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून अस्थी हलवतात व जागा दुसऱ्याला देतात. त्यामुळे लहानपणी वारलेल्या भावंडाची जागा दाखवा म्हणून कुणी वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले, तर आम्ही बहुधा जागा दाखवू शकत नाही. ओळ दाखवू शकतो. ती शोधायला येताना केवळ नाव आणि आडनाव आणू नये. वडिलांचे व आजोबांचे नाव, आळी, आईचे माहेर आणि साधारण साल आणावे. कॉलऱ्याच्या साथीचे, मोठ्या पुराचे, अमक्या धर्मगुरूच्या काळातले, एवढे सांगितले तरी पुरते. आणि धर्ममातापिता कोण होते, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवावे.