कमी चाललेली की सांभाळलेली? डुकाटीच्या व्हॉल्व्हची गोष्ट

समजा, तुम्ही सेकंडहॅन्ड इटालियन मोटरसायकल शोधताय. शनिवारी सकाळी चहा घेता घेता दोन जाहिराती समोर येतात. दोन्ही डुकाटी मॉन्स्टर, दोन्ही २००३ सालच्या, किंमतही जवळपास सारखीच. पहिली फक्त ४,००० मैल चाललेली, बरीच वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, अगदी नव्यासारखी चकचकीत. दुसरी ३१,००० मैल चाललेली, टाकीवर एक ओरखडा, आणि सोबत बिलांची जाडजूड फाइल. कुठली बघायला जाल?

आपल्यातले बहुतेक जण पहिली म्हणतील. जुनी गाडी घेताना 'किती चाललीये?' हाच प्रश्न आपण आधी विचारतो, आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तो ठीकही असतो. डुकाटीच्या बाबतीत मात्र तो फसवू शकतो. का, ते समजायला १९५६ सालच्या इटलीत जावं लागतं. शिकता शिकता किंवा पहिल्या नोकरीत साठवलेले पैसे तुम्ही यात घालणार असाल, तर हा इतिहास थेट तुमच्या खिशाशी जोडलेला आहे.

रेडिओ, विमानं आणि आजोबांची स्कूटर

डुकाटी मुळात मोटरसायकलींची कंपनी नव्हतीच. १९२६ साली बोलोन्या शहरात डुकाटी कुटुंबानं ती सुरू केली ती रेडिओचे सुटे भाग बनवायला. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४४ मध्ये, बोर्गो पानिगाले भागातला तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा इटलीत लोकांच्या हातात पैसा नव्हता, पण कामावर तर जायचंच होतं. मग डुकाटीनं सायकलला बसवायचं ४८ सीसीचं एक इवलंसं इंजिन बनवायला घेतलं. त्याचं नाव 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या आवाजावरूनच हे नाव पडलं.

तिकडे पोंतेदेरा गावात पियाज्यो कंपनीचीही तीच गत होती. ती विमानं बनवायची, आणि तिचाही कारखाना बॉम्बखाली गेला होता. तिथल्या कोर्रादिनो द'आस्कानिओ या विमान-अभियंत्यानं १९४६ साली व्हेस्पा स्कूटर घडवली. इथून ही गोष्ट आपल्या घरात शिरते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजनं पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली आणि १९७२ पासून त्याच घडणीची 'चेतक' आली. म्हणजे तुमच्या आजोबांकडे चेतक असेल, तर इटालियन वाहनाशी तुमच्या घराची ओळख तुमच्या जन्माआधीचीच आहे.

ते स्कूटर कसे सांभाळायचे, आठवतंय का कुणाकडून ऐकलेलं? प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, परत बसवायचा. तरी सुरू नाही झाली, तर एका बाजूला कलती करायची आणि पुन्हा किक मारायची. हे सगळं घरच्या घरी जमायचं, कारण त्या टू-स्ट्रोक इंजिनात वरखाली होणारे व्हॉल्व्हच नव्हते. बिघडायला मुळात भाग कमी, आणि जे होते ते मालकाच्या हाताला लागणारे.

डुकाटी मात्र पुढे शर्यतींच्या मागे लागली आणि तिनं नेमका उलटा रस्ता धरला.

स्प्रिंगचं दार

१९५४ साली फाबिओ तालियोनी हा अभियंता डुकाटीत आला. त्याच्यासमोरचा प्रश्न असा. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह म्हणजे दारं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत यायला एक दार, धूर बाहेर जायला दुसरं. कॅम नावाचा फिरता उंचवटा दार उघडतो आणि स्प्रिंग ते बंद करते. बँकेत किंवा हॉस्पिटलात स्प्रिंगचं दार असतं ना, तसंच. तुम्ही ढकललं की उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं.

आता त्या दारातून माणसं एकामागून एक धावत यायला लागली तर? दाराला मिटायला वेळच मिळत नाही. इंजिन फार वेगानं फिरलं की व्हॉल्व्हचं असंच होतं. स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहतो, आणि खालून वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. शिवाय त्या काळचं स्प्रिंगचं पोलाद फारसं भरवशाचं नव्हतं, शर्यतीत स्प्रिंगा तुटायच्या.

तालियोनीनं बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलंच नाही. व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम, आणि ओढून बंद करायला दुसरा. ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. मर्सिडीजनं १९५४-५५ मध्ये आपल्या शर्यतीच्या मोटारींत ती वापरली होती. तिचं नाव 'डेस्मोड्रोमिक', ग्रीकमधल्या 'बंधन' आणि 'धाव' या अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. १९५६ च्या जुलैत स्वीडनमधल्या हेडेमोरा इथे तालियोनीची १२५ सीसीची डेस्मो पहिल्यांदाच शर्यतीत उतरली, जान्नी देल्यी आन्तोनी ती चालवत होता, आणि पहिल्याच शर्यतीत ती जिंकली.

१९६८ मध्ये हेच तंत्र डुकाटीच्या दुकानात मिळणाऱ्या गाडीत आलं. १९७२ मध्ये इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्यारी दुसरा आला, दोघेही डुकाटीवर. त्यानंतर डेस्मो ही डुकाटीची ओळखच बनून गेली. पुढे स्प्रिंगांचं पोलाद सुधारलं, आणि जपानी कंपन्या स्प्रिंगवरच वेगवान, शिवाय कमी कटकटीच्या गाड्या बनवायला लागल्या. डुकाटी तरीही डेस्मोलाच चिकटून राहिली.

मालकाच्या वाट्याला काय आलं

स्प्रिंगचा एक गुण आपल्या सहज लक्षात येत नाही. ती सांभाळून घेते. भाग थोडेसे झिजले, माप जरा इकडेतिकडे झालं, तरी स्प्रिंग व्हॉल्व्हला ओढून जागेवर बसवते. डेस्मोत सांभाळून घेणारं कुणी नाही. उघडणाऱ्या बाजूची फट वेगळी मोजायची, बंद करणाऱ्या बाजूची वेगळी. एअर-कूल्ड मॉन्स्टरमध्ये दोन सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ फटी. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या डुकाटीत त्याच सोळा होतात. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'टॅपेट सेट करणं' म्हणतात तेच हे काम, पण दुप्पट. आणि नुसता स्क्रू फिरवून ते भागत नाही. फट चुकली असेल तर 'शिम' नावाचे छोटे ठरावीक मापाचे तुकडे काढून दुसऱ्या मापाचे बसवावे लागतात. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच डुकाटींना ही तपासणी दर ६,००० मैलांनी लागायची. सर्व्हिसचं बिल बघून डोळे का पांढरे होतात, त्याचं उत्तर इथे आहे. त्या बिलावर तुम्ही १९५६ सालच्या एका निर्णयाची किंमत भरत असता.

आता बेल्टकडे वळू. सुरुवातीच्या डेस्मोत कॅम फिरवायला दांडे आणि तिरके गिअर होते. दिसायला देखणे, बनवायला महाग. १९७० चं दशक संपता संपता आलेल्या 'पँटा' मॉडेलपासून डुकाटीनं त्यांच्या जागी दातेरी रबरी बेल्ट वापरले. ते स्वस्त आणि कमी आवाजाचे होते. पण रबराला मैल कळत नाहीत, वर्षं कळतात. गाडी उभी असली तरी बेल्ट म्हातारा होतच असतो. उलट, एकाच जागी वळलेल्या स्थितीत तो वर्षानुवर्षं पडून राहिला की अधिकच बिघडतो. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. हायवेवर भर वेगात हे झालं, तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. म्हणून त्या काळच्या गाड्यांचे बेल्ट साधारण दर दोन वर्षांनी बदलायचा रिवाज आहे, मैल कितीही असोत.

गुझ्झीचं दुसरं उत्तर

सगळ्या इटालियन गाड्या अशाच नखरेल, असं मात्र समजू नका. कोमो सरोवराच्या काठावर मांदेल्लो देल लारिओ गावात १९२१ पासून मोटो गुझ्झी आहे. तिच्या चिन्हावरचा गरुड कशासाठी, माहितीये? मोटरसायकली बनवायचं स्वप्न पाहणाऱ्या तीन मित्रांपैकी जोवान्नी रावेल्ली हा वैमानिक कंपनी सुरू होण्याआधीच विमान अपघातात गेला. त्याची आठवण म्हणून उरलेल्या दोघांनी, कार्लो गुझ्झी आणि ज्योर्जो पारोदी यांनी, तो गरुड लावला.

१९६७ मध्ये बाजारात आलेल्या गुझ्झी व्ही-सेव्हनचं इंजिन जुलिओ चेझारे कार्कानो यानं आखलं. दोन सिलिंडर गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, व्हॉल्व्हला साध्या स्प्रिंगा, आणि चेनऐवजी शाफ्ट. व्हॉल्व्हचं झाकण उघडायचं तर टाकीसुद्धा काढावी लागत नाही. फीलर गेज, पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढं असलं की रविवारची सकाळ पुरते. इटलीच्या पोलिसांनी या गाड्या वापरल्या, आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीसुद्धा. दिवसभर ड्यूटीवर असलेल्या गाडीला नखरे परवडत नाहीत. घरी स्वतः हात काळे करायचे असतील आणि जवळपास जाणकार मेकॅनिक नसेल, तर तुमची पहिली इटालियन गाडी गुझ्झी असायला काहीच हरकत नाही.

तर मग कुठली बघायला जायचं?

आपल्या दोन मॉन्स्टरांकडे परत येऊ. पहिल्या गाडीच्या मालकाला फोन करा आणि 'किती चाललीये' सोडून पुढचं विचारा. बेल्ट शेवटचे कोणत्या साली बदलले, त्याचं बिल आहे का? व्हॉल्व्हच्या फटी शेवटच्या कधी आणि कुणी तपासल्या? टायर कोणत्या सालचे? (टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते स्वतः बघून घ्या.) ब्रेक ऑइल कधी बदललं? 'गाडी चाललीच नाही, बदलायची काय गरज?' असं उत्तर आलं, तर समजा की हा सगळा खर्च आता तुमच्या गळ्यात पडणार आहे. तो किमतीतून वजा करून बोली लावा, आणि नवे बेल्ट बसेपर्यंत इंजिन सुरूही करू नका.

दुसऱ्या मालकाकडे गेलात की टाकीवरच्या ओरखड्याआधी फाइल उघडा. तारखा लावून वाचा. दर दोन वर्षांनी बेल्ट, ठरावीक मैलांवर व्हॉल्व्ह, मध्ये कधीतरी क्लच. कुणीतरी वीस वर्षं ही गाडी चालवलीये आणि तिचं म्हणणं वेळेवर ऐकलंय, हे ती बिलं तुम्हाला सांगतील. अशी फाइल असेल, तर ३१,००० मैलांना घाबरू नका.

आणि एक. २०२० मध्ये डुकाटीनं मल्टिस्ट्राडासाठी नवं व्ही-फोर इंजिन आणलं, आणि त्यात डेस्मो सोडून साध्या स्प्रिंगा बसवल्या. व्हॉल्व्हची तपासणी आता ६०,००० किलोमीटरवर. जुन्या चाहत्यांपैकी काही जण हळहळले, लांब पल्ल्याचे प्रवासी सुखावले. दोघांचंही खरं आहे. ज्या अडचणीवर तालियोनीनं उपाय काढला होता ती आता रोजच्या गाडीत उरलेली नाही, आणि मालकालाही त्या गाडीची एवढी काळजी घ्यावी लागत नाही. मात्र तुम्ही २००३ सालची मॉन्स्टर घेणार असाल तर ती काळजी अजून तशीच आहे. आधीच्या मालकानं ती घेतली होती का, एवढं बघा, आणि आपल्याला जमेल का, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे देऊन मगच पैसे मोजा.