दारावरच्या खुणा

माणसाने किती लहान घरात राहावे, हे कुणी ठरवायचे? ज्याचे घर त्याने, असे उत्तर आपण सहज देऊ. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. गरिबाच्या एका खोलीच्या दारापाशी कायदा पुनःपुन्हा येऊन उभा राहिला, आणि परत जाताना प्रत्येक वेळी तो दारावर काही खूण ठेवून गेला. त्या खुणांचा मागोवा घेतला, तर लहान घराकडे सत्ता कोणत्या नजरेने पाहत आली, हे ध्यानी येते.

पहिली खूण मुंबईची नव्हे, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची आहे. गिरण्या आणि जहाजबांधणी यांमुळे हे शहर एकोणिसाव्या शतकात माणसांनी ओसंडून गेले आणि पाठोपाठ टायफस ज्वराच्या साथी आल्या. तेव्हा १८६२ च्या पोलीस कायद्याने असे ठरविले की, तीनपेक्षा अधिक खोल्या नसलेल्या आणि एकूण दोन हजार घनफुटांहून मोठ्या नसलेल्या घराच्या दारावर पत्र्याची एक पट्टी ठोकावी आणि आत किती माणसांनी झोपावे, हे तिच्यावर लिहावे. प्रौढाला ३०० घनफूट हवा आणि आठ वर्षांखालील मुलाला त्याच्या निम्मी, असा हिशेब होता. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत तीन प्रौढ. चौथा आला की गुन्हा! मोजणीसाठी निरीक्षक मध्यरात्री दार ठोठावीत, आणि जास्तीची माणसे कपाटांत, छपरांवर लपत. शतकाच्या अखेरीस अशा पट्ट्या वीस हजारांहून अधिक घरांवर होत्या. हेतू आरोग्याचा होता, यात शंका नाही. पण मोजणीत जास्त भरलेल्या माणसाने त्या रात्री कुठे जावे, याचे उत्तर पट्टीवर लिहिलेले नव्हते.

दुसरी खूण आपल्या मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी आढळला. त्याचे निदान करणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि घरात शिरून झडती घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. प्रकाश आत यावा म्हणून छपरांवरची कौले काढली गेली, भिंतींना चुना फासला गेला. आणि जी घरे नापास झाली त्यांच्यावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे उमटली. अर्थ होता, मनुष्यवस्तीस अयोग्य. आत राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना ती अक्षरे वाचताही येत नव्हती.

अयोग्य घरे पाडून योग्य घरे बांधावीत, यासाठी १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्टची, लोकांच्या भाषेत ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची, स्थापना झाली. ग्लासगोने १८६६ मध्ये असेच मंडळ नेमले होते. तो अनुभव समोर होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. त्याचे मर्म सोपे आहे: इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याने तरी समोरची जागा मोकळी असावी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो. नियम उत्तमच होता. परंतु ट्रस्टने आरंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. विस्थापित कुटुंबे शेजारच्या गल्लीत गेली आणि तेथील खोल्या पूर्वीपेक्षा अधिक दाटल्या. एका गल्लीतली गर्दी कायद्याने दुसरीत ढकलली, एवढेच झाले.

१९२० नंतर विकास खात्याने, म्हणजे बी. डी. डी.ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, सरकारच्या कामगार कचेरीने केलेल्या पाहणीत मुंबईच्या कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. कायद्याला जे अपवाद वाटत होते, तेच शहराचे खरे रूप होते.

अशा दाटीत माणसे जगली ती केवळ सरकारी नियमांवर नव्हे. धोबीतलाव, माझगाव या भागांतील गोवेकरांचे ‘कूड’ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. कूड या कोंकणी शब्दाचा अर्थच खोली. गावागावाचे वेगळे कूड असत. जहाजावर नोकरी करणारा दर्यावर्दी भिंतीलगत आपली पेटी ठेवी, सतरंजीवर झोपे आणि जहाज मिळाले की निघून जाई. सायंकाळच्या रोझरीस हजर राहावे, रात्री दिवे वेळेवर मालवावेत, असे नियम सभासदांनीच केलेले असत. माणसे मोजण्याऐवजी, दाटीतही माणसांना एकत्र नांदता यावे, हा त्या नियमांचा उद्देश होता.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. लहान खोलीला स्थैर्य लाभले. पण उत्पन्न गोठले तशी मालकाने दुरुस्ती सोडली आणि पागडीची प्रथा बोकाळली. अखेर १९६९ मध्ये उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ कायद्याने नेमावे लागले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद कालबाह्य व अवाजवी ठरविली, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढ मान्य केली.

तिसरी खूण झोपडपट्टीतली. १९७१ मध्ये झोपडपट्टी सुधारणा कायदा झाला. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन कुटुंबांना छायाचित्र असलेले ओळखपत्र, म्हणजे फोटोपास, मिळू लागले. आता प्रश्न ‘तुम्ही किती जण?’ हा राहिला नाही, ‘तुम्ही केव्हापासून?’ हा झाला. १९८१ मध्ये पदपथावरील लोकांना हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचाही हक्क येतो. पदपथावर घर करण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मानला नाही. गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले.

त्यानंतर घराच्या आकाराचा आकडा सरकू लागला. झोपडीच्या बदल्यात मिळणारे घर १९९१ च्या नियमांत १८० चौरस फुटांचे होते. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि ते २२५ चे झाले. २००८ मध्ये २६९ आणि २०१८ मध्ये ३०० चौरस फूट ठरले. बी. डी. डी. चाळींच्या भाडेकरूंसाठी मात्र ५०० चौरस फूट मंजूर झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. दोन्ही ठिकाणची कुटुंबे सारखीच. माप वेगळे, कारण एकाकडे सरकारी भाडेपावती आहे, दुसऱ्याकडे नाही.

वाचकहो, हे सारे कायदे दुष्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हवा, उजेड आणि मोकळी जागा यांवाचून माणसाचे आरोग्य टिकत नाही. आजही राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटरांची, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची असावी लागते. आणि ते योग्यच आहे. मात्र इतिहास एक गोष्ट बजावतो. जेथे लहान घर अयोग्य ठरविण्याबरोबर दुसरे घर देण्याची जबाबदारी कायद्याने उचलली, तेथे माणूस सुधारलेल्या घरात गेला. जेथे ती उचलली नाही, तेथे तो आणखी लहान घरात गेला.

हा प्रश्न आता केवळ सरकारचा राहिलेला नाही. आपल्या वसाहतींत जुनी घरे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. कराराच्या कागदांवर मालकाचे चौरस फूट नीट लिहिलेले असतात. मागच्या पडवीतील भाडेकरू, जिन्याखाली राहणारा कामकरी, वर्षानुवर्षे एका खोलीत दिवस काढणारी विधवा यांची नोंद त्या कागदांवर असतेच असे नाही. सही करण्यापूर्वी त्यांची नावे विचारावीत आणि ती कोठे जाणार, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.