कॅन्यन डी शे : पीचच्या बागांची दरी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली आपली सहल बहुधा ठरलेली असते. ग्रँड कॅन्यन, पेजजवळचं अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅलीतला सूर्यास्त, आणि मग फिनिक्स नाहीतर लास व्हेगासहून परतीचं विमान. या फेरीत एक रात्र वाढवता आली, तर मॉन्युमेंट व्हॅलीहून दोनेक तासांवरच्या चिन्ली गावी जाच. गावात मुक्कामाच्या जागा मोजक्याच आहेत, म्हणून खोली आधी ठरवा. नावाहो राष्ट्रात दारूबंदी आहे. घड्याळाकडेही लक्ष असू द्या : बाकीचं ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो राष्ट्र करतं, आणि त्या तासाच्या गोंधळात ठरवलेला गाइड हुकतो.

नावाचं स्पेलिंग पाहून तुम्ही ‘चेली’ म्हणाल, पण उच्चार ‘डी शे’ असा आहे. मूळ नावाहो शब्द ‘त्सेयी’, म्हणजे खडकाच्या आत. स्पॅनिश लोकांनी तो कानाला आला तसा लिहिला आणि पुढच्यांनी लिहिलेलं आपापल्या परीनं वाचलं. शीवचं सायन झालेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं नवल वाटू नये.

दरीच्या तोंडाशी कडे जेमतेम तीस फुटांचे आहेत. आत जावं तसे ते उंचावत जातात आणि शेवटी हजार फुटांवर पोचतात. तळ मात्र सपाट, वाळूचा. पाऊस आणि वितळलेला बर्फ यांचं पाणी वर दिसेनासं झालं तरी वाळूखाली ओल टिकते. वाळवंटात इथे मका, घेवडा, भोपळा पिकतो तो त्या ओलीवर. म्हणून माणूस ही दरी फार काळ सोडून राहिला नाही. तुम्ही पाहाल ते ‘व्हाइट हाउस’ नावाचं कपारीतलं घर आजच्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी अकराव्या ते तेराव्या शतकात बांधलं. वरच्या भिंतीला पांढरा गिलावा होता, त्यावरून हे नाव. पुढे होपी लोक इथे येऊन-जाऊन शेती करत, आणि अठराव्या शतकापर्यंत दरी नावाहोंची झाली होती. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात.

पीच हे फळ मुळात चीनचं. स्पॅनिश लोकांबरोबर ते अमेरिकेत आलं आणि प्वेब्लो गावांमार्फत दिनेंच्या हाती पडलं. कलम वगैरे काही नाही, कोय पुरायची आणि वाट पाहायची. फळ लहान, ते खडकावर वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. मेंढ्या आणि मका यांच्या जोडीला हे झाड दरीत असं रुजलं, की परक्यांचं म्हणून कुणाला आठवू नये. पुढची गोष्ट या झाडांची आहे, म्हणून एवढं सांगितलं.

दरीला दोन मुख्य फाटे आहेत. उत्तरेच्या फाट्याला ‘कॅन्यन डेल मुएर्तो’, मेलेल्यांची दरी, म्हणतात. हे नाव कत्तलीवरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते १८८२ साली आलेल्या संशोधकांना इथे जुनी प्रेतं सापडली त्यावरून पडलं. कत्तल मात्र झालीच होती. जानेवारी १८०५ मध्ये लेफ्टनंट आंतोनिओ नार्बोना स्पॅनिश फौज घेऊन आला. त्याच्या अहवालात ११५ माणसं मारली, त्यांतले ९० लढवय्ये, असा हिशेब आहे. दिने सांगतात ते वेगळं : पुरुष शिकारीला गेले होते आणि उंच कपारीत लपलेले होते ते बायका, मुलं, म्हातारी माणसं. एक म्हातारी पूर्वी स्पॅनिशांच्या कैदेत राहिलेली. खालून जाणारे शिपाई दिसताच तिला राहवलं नाही, तिनं वरून शिव्या हासडल्या आणि जागा उघडी पडली. गोळ्यांच्या खुणा त्या कपारीत अजून आहेत. मला दिनेंची हकिकत जास्त पटते. अरुंद कपारीत ९० लढवय्ये मारले जाईपर्यंत बसून राहिले, हे पचायला अवघड आहे.

त्यानंतर साठएक वर्षांनी अमेरिकन सैन्य आलं. जनरल जेम्स कार्लटनला नावाहो मुलूख मोकळा करायचा होता आणि कामगिरी किट कार्सनकडे होती. कार्सननं मोठी लढाई दिलीच नाही. १८६३ भर त्यानं मक्याची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, आणि थंडीवर भरवसा ठेवला. जानेवारी १८६४ मध्ये कॅप्टन अल्बर्ट फायफरची तुकडी डेल मुएर्तोतून आरपार गेली. वाटेत उपासमार झालेली माणसं शरण येत होती.

सगळीच आली नाहीत. डेल मुएर्तोत ‘फोर्ट्रेस रॉक’ नावाचा सुटा उभा सुळका आहे. दिनेंच्या सांगण्याप्रमाणे तीनशेच्या आसपास माणसं खाणंपिणं घेऊन त्यावर चढली आणि शिड्या वर ओढून घेतल्या. खाली सैन्याचा तळ पडला. वर धान्य होतं, पण खळग्यांतलं पाणी संपलं. टाकी आटली की गड पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा एका रात्री माणसांनी कड्यावर साखळी धरली आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या पलीकडे, ओढ्यात, दोरांना बांधलेले भोपळे सोडून पाणी वर खेचलं. सैन्य कंटाळून निघून गेलं.

बाकीच्यांच्या नशिबी ‘लाँग वॉक’ आला. आठ हजारांहून जास्त माणसांना तीनशे मैलांहून लांब न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेदोंदोला चालवत नेलं. गर्भार बायका, म्हातारे, सगळे. आणि दरी अशी रिकामी होत असताना, १८६४ च्या उन्हाळ्यात, कॅप्टन जॉन थॉम्पसनच्या शिपायांनी इथल्या पीचच्या हजारो झाडांवर कुऱ्हाडी चालवल्या. मका जाळला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. झाडाला वर्षं लागतात. युद्ध जिंकल्यावर केलेली ही तोड कुणाला हरवण्यासाठी नव्हती. परत येण्यासारखं इथे काही उरू नये, यासाठी होती.

बॉस्के रेदोंदोला पेकोस नदीचं पाणी खारट, पिकांवर अळी, जळणाला लाकूड नाही. माणसं शेकड्यांनी मेली. १८६८ मध्ये जनरल शर्मन बोलणी करायला आला, तेव्हा त्याच्या मनात या लोकांना आजच्या ओक्लाहोमाकडे पाठवायचं होतं. दिनेंच्या वतीनं बार्बोन्सितो बोलला. तो या दरीच्या मुलखातला. त्यानं दुसरीकडे जायला साफ नकार दिला. १ जून १८६८ चा तह वाचण्याजोगा आहे. त्यात मुलांना सक्तीनं शाळेत घालण्यासारखी जाचक कलमंही आहेत. पण सीमा सांगणाऱ्या कलमात पश्चिमेची रेषा आखताना एक अट घातली आहे : दरीचं तोंड त्या रेषेच्या आत आलं पाहिजे आणि अख्खी दरी राखीव मुलखात धरली पाहिजे. स्पेलिंग चुकलेलं आहे, ‘चिली’ असं. तरी दरी परत मिळाली. लोक चालत परतले आणि कोयी पुन्हा पुरल्या.

१९३१ साली दरी राष्ट्रीय स्मारक झाली, तीही नावाहो कौन्सिलच्या संमतीनंतर. जमीन दिनेंचीच राहिली. पाहुण्यांना घोडे भाड्यानं देण्याचा पहिला हक्कही कायद्यानं त्यांना दिला. म्हणून काठावरच्या दोन्ही रस्त्यांवरून तुम्ही हवं तितकं फिरा, पण तळाशी उतरायचं तर परवाना असलेला नावाहो गाइड लागतो. ‘पैसे काढायचे धंदे’ असं आपल्यापैकी कुणी कुजबुजताना ऐकू आलं, तर त्याला १८६४ सांगा.

गाइडशिवाय उतरायची परंपरेनं एकच वाट आहे, व्हाइट हाउसची : जाऊन-येऊन अडीच मैल, उतार सहाशे फुटांचा, मध्ये खडकात कोरलेले बोगदे. अलीकडे ती काही वर्षं बंद होती, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पाणी वर चढून येईपर्यंत पुरेल इतकं घ्या. उतरताना सगळेच शूर असतात. चालायची हौस दांडगी असेल तर गाइडबरोबर डेल मुएर्तोत जा आणि फोर्ट्रेस रॉकच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहा. भोपळे कुठून सोडले असतील, ते तो दाखवेल.

दरीत काही कुटुंबं अजून शेती करतात. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पीचची झाडंही आहेत, कुंपणाच्या आत, मक्याच्या कडेनं. उन्हाळा सरता सरता गेलात तर ती फळांनी वाकलेली असतात.