खटल्यानंतरच्या रखमाबाई

जी माणसे एखाद्या खटल्याच्या निमित्ताने इतिहासात प्रवेश करतात, ती बहुधा निकालाबरोबरच त्यातून बाहेरही पडतात. डॉ. रखमाबाईंचे काहीसे असेच झाले. दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर लावलेला दावा पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्याच बाईंनी पुढे सुमारे ३५ वर्षे गुजरात-काठेवाडात रुग्णसेवा केली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. नोकरीपायी रांझीस येऊन राहिलेल्या आम्हां मराठी माणसांना हे उत्तरचरित्र अधिक जवळचे वाटते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला आणि विवाह ११व्या वर्षी. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मागितला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्या. फॅरन यांनी पतिगृही जा, अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. ‘केसरी’ने त्यांच्यावर कडाडून टीका केली, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्मरक्षणाच्या नावाने ज्या कायद्याचा कैवार घेतला गेला, तो मुळी हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून तो इकडे आला होता. आणि ज्या १८८४ साली हा दावा गुदरला, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडील कैदेची तरतूद रद्द केली होती!

तडजोडीनंतर रखमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. मिळविली. मग सुरत आणि त्यानंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी उमेदीची सारी वर्षे वेचली. परपुरुषाने नाडी पाहणेही ज्या घरांना मानवत नसे, त्या घरांतील बायकांना स्त्री डॉक्टर मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. बालविवाहाविरुद्ध त्यांनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने वृत्तपत्रात लिहिले होते. अकाली मातृत्वाचे दुःख आता रुग्णाईत होऊन त्यांच्यासमोर येत होते. लेखणीही त्यांनी ठेवली नव्हती. १९२९ साली पडदापद्धती नाहीशी करण्याविषयी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या. कायद्यातील कैद १९२३ मध्येच गेली होती. परंतु त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह कायद्याच्या ९व्या कलमात तो जुना दावा कायम राहिला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि आजही ते कलम कायद्याच्या पुस्तकात आहे. ते पती आणि पत्नी दोघांनाही खुले आहे, हे खरे. पण मनाविरुद्ध संसार लादता येतो काय, हा रखमाबाईंचा प्रश्न त्याने मिटत नाही.

न्यायालयाने दिले नाही ते त्यांनी परमुलखात आपल्या कामाने मिळविले. त्यांचे स्मरण करताना आरोपीच्या पिंजऱ्याशी न थांबता रुग्णालयाच्या दारापर्यंत जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.