वाडिया पार्कची अपुरी कुस्ती

कुस्तीतली चुरस कुणी लिहून देत नाही. ती प्रेक्षकांच्या आठवणीत वाढते. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना चीत करून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर दोघंही पुन्हा दावेदार होते. पण अंतिम फेरीआधीच पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांच्यापुढे राक्षेंना चीत ठरवलं. पाठ टेकलीच नव्हती, हा राक्षेंचा दावा. पुढे गायकवाडांनी मोहोळांविरुद्धची अंतिम लढत अर्धवट सोडली, गदा मोहोळांना मिळाली. निकालानं चुरस मिटते, असं कुणी म्हणेल. गुणफलकापुरतं ते खरं. पण खांदा गादीला टेकला की बोटभर वर राहिला, हा प्रश्न गुणफलकात मावत नाही.