पॅडलमधील लॉब व त्याचा प्रतिकार

भिंतींनी वेढलेल्या क्रीडांगणावर दोन जोड्यांत खेळल्या जाणाऱ्या पॅडल या खेळात, जाळ्याजवळ उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून मागे टाकलेल्या उंच चेंडूस लॉब म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्यास ‘ग्लोबो’ म्हणजे फुगा असे नाव आहे. टेनिसमध्ये लॉब हा बहुधा अडचणीत सापडलेल्या खेळाडूचा उपाय असतो आणि तो आखूड पडला, की जोरदार स्मॅशने त्याचा निकाल लागतो. पॅडलमध्ये मात्र लॉब हे जाळ्याचा ताबा मिळविण्याचे प्रमुख साधन असून त्याला उत्तर कसे द्यावयाचे, या एका प्रश्नाभोवती या खेळाचे तंत्र पन्नास वर्षांहून अधिक काळ घडत आले आहे.

याचे मूळ भिंतींत आहे. मेक्सिकोतील अकापुल्को येथे एन्रीके कोर्कुएरा यांनी १९६९ मध्ये आपल्या निवासस्थानाच्या आवारात भिंती असलेले लहान क्रीडांगण बांधले व भिंतीवरून परतलेला चेंडूही खेळात धरला. बंदिस्त क्रीडांगणाची कल्पना त्यापूर्वीही होती. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल येथे १९२८ मध्ये निघालेल्या प्लॅटफॉर्म टेनिसमध्ये भोवतालच्या तारेच्या जाळीवर आदळलेला चेंडू परतविता येतो, आणि तेथेही लॉबचे महत्त्व मोठे आहे. परंतु तारेची जाळी चेंडूचा वेग पुष्कळसा शोषून घेते. टणक भिंत तो परत देते. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी पॅडलचे वेगळेपण त्यातच आहे. आल्फोन्सो द होहेनलोहे यांनी १९७४ मध्ये हा खेळ स्पेनमधील मार्बेया येथे नेला आणि १९७५ मध्ये हुलिओ मेंदितेगी यांनी तो तेथून अर्जेंटिनात आणला. अर्जेंटिनात १९८० नंतर तो झपाट्याने पसरला. तेथील अनेक क्रीडांगणांच्या भिंती सिमेंटच्या होत्या. काचेच्या भिंतींचा प्रसार पुढे झाला. आंतरराष्ट्रीय पॅडल महासंघ १९९१ मध्ये स्थापन झाला व १९९२ मध्ये स्पेनमध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

क्रीडांगण २० मी. लांब व १० मी. रुंद असते. मागील भिंत ३ मी. उंच असून तिच्यावर १ मी. उंचीची जाळी असते. बाजूंची टणक भिंत मागील कोपऱ्यालगतच असते, उरलेल्या भागात सामान्यतः ३ मी. उंचीची जाळी असते. चेंडूने प्रतिस्पर्ध्याच्या बाजूस प्रथम जमिनीवर टप्पा घेतला पाहिजे. तो थेट भिंतीवर गेल्यास मारणाऱ्याचा गुण जातो. साहजिकच लॉब टाकणाऱ्यास अवघ्या १० मी. अंतरात नेम साधावयाचा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या हाताला न लागता त्याच्या पाठीमागे उतरून भिंतीच्या पायथ्याशी मंदावणारा लॉब उत्तम समजला जातो. असा लॉब पडला, की जाळ्याजवळची जोडी मागे हटते व मागची जोडी पुढे येते. पॅडलमध्ये बहुतेक गुण जाळ्याजवळच्या जोडीस मिळत असल्याने ही जागांची अदलाबदल हाच लॉबचा खरा लाभ होय. गुण लगेच मिळतो असे नाही.

टेनिसमधून आलेला खेळाडू अशा चेंडूवर प्रथम सर्व शक्तीनिशी स्मॅश मारतो, आणि येथेच तो फसतो. सपाट व वेगवान स्मॅशचा टप्पा पडून चेंडू मागील भिंतीवर आदळतो व तितक्याच जोमाने क्रीडांगणाच्या मध्यापर्यंत परत येतो. मागे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यास तो कमरेच्या उंचीवर, सावकाश आणि समोर मिळतो. एवढ्या वेळात स्मॅश मारणारा तोल सावरत मागेच राहिलेला असतो. दिसावयास भव्य असा हा फटका अनेकदा प्रतिपक्षालाच संधी देतो. बॅडमिंटनमध्ये उंच आलेले फूल खाली पाडण्यातच हित असते, कारण तेथे मागे भिंत नसते. पॅडलमध्ये प्रत्येक जोरकस फटक्याची परतफेड भिंत करते.

या अडचणीतून जो फटका रूढ झाला, त्यास ‘बांदेहा’ म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तबक असा आहे. रॅकेट तबक उचलल्याप्रमाणे धरली जाते, यावरून हे नाव पडले. खेळाडू लॉब ओळखताच अंग बाजूस वळवितो, आडव्या पावलांनी मागे सरकतो, मोकळ्या हाताने चेंडूचा माग घेतो आणि डोक्याच्या किंचित पुढे, फार उंच नसलेल्या ठिकाणी चेंडूस कापीव फिरकी देऊन तो खोलवर, शक्यतो कोपऱ्याकडे पाठवितो. कापलेला चेंडू टप्प्यानंतर फारसा उसळत नाही व भिंतीवरून खाली बसतो. या फटक्याने गुण जिंकावयाचा नसतो. चेंडू हवेत असतानाच पुन्हा जाळ्याशी परतावयास अवधी मिळवावयाचा असतो. बांदेहा मारून जागेवरच थबकणारा खेळाडू त्याचे अर्धे फळ गमावतो. याच जातीचा, पण अधिक वेगाचा व बाजूच्या फिरकीचा फटका म्हणजे ‘बिबोरा’ (विषारी साप) होय. त्याने काचेवरून सुटणारा चेंडू वेडावाकडा वळतो. मात्र तो तोल ढळलेल्या अवस्थेत मारल्यास जाळ्यात जाण्याचा धोका अधिक.

लॉब फारच खोल असेल, तर तो हवेत न मारता जाऊ द्यावा, हे समजणे तितकेच महत्त्वाचे आहे. पाठमोरे धावत जाऊन कसाबसा मारलेला फटका प्रतिस्पर्ध्यास आयता चेंडू देतो. त्याऐवजी खेळाडूने भिंतीकडे वळून चेंडूस टप्पा व काच असे दोन्ही घेऊ द्यावे आणि मग उलट लॉब टाकावा, किंवा काचेवरून उंच सुटलेला चेंडू वरून खाली मारावा. या दुसऱ्या फटक्यास ‘बाहादा’ (उतार) म्हणतात. मधोमध पडणाऱ्या लॉबवर दोघांपैकी कोणी जावयाचे, यावरून नवख्या जोड्यांत नेहमी घोटाळा होतो. दोघेही उजव्या हाताचे असल्यास डावीकडील खेळाडूचा उजवा हात मध्यभागी येतो, म्हणून तो चेंडू बहुधा त्याचा मानतात. डावखुरा खेळाडू उजवीकडे ठेवल्यास दोघांचेही बळकट हात मध्याकडे येतात. डावखुरा हुआन मार्तीन दिआस व उजव्या हाताचा फेर्नांदो बेलास्तेगीन ही अर्जेंटिनी जोडी २००२ पासून २०१४ पर्यंत अग्रस्थानी राहिली, त्यात या रचनेचा वाटा लहान नव्हता. २०२३ नंतर अग्रस्थानी आलेल्या आर्तुरो कोएयो व आगुस्तीन तापिया यांची मांडणीही अशीच आहे.

अलीकडच्या काळात स्मॅशने मात्र गमावलेले स्थान काही अंशी परत मिळविले आहे. कार्बनच्या टणक रॅकेटा, उंच व ताकदवान खेळाडू यांमुळे टप्पा पडून बाजूच्या ३ मी. जाळीवरून बाहेर जाणारे, अथवा मागील भिंतीवरून उसळून मारणाऱ्याच्याच बाजूस परतणारे स्मॅश व्यावसायिक सामन्यांत वारंवार दिसतात. जेथे बाहेरून खेळण्याची सोय असते, तेथे प्रतिस्पर्ध्यास दारातून बाहेर धावून चेंडू परतविता येतो. दिआसची ख्याती अशा बचावासाठी विशेष होती. आखूड लॉबला आता क्षमा राहिलेली नाही. उष्ण हवेत व समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी चेंडू अधिक उसळत असल्याने हा धोका वाढतो. थंड, दमट दिवशी तोच स्मॅश मागील भिंतीवरून निर्जीवपणे परततो आणि बांदेहाचे मोल पुन्हा वाढते. लॉब निष्प्रभ झाल्यास हा खेळ केवळ ताकदीचा होईल, ही जाणकारांची चिंता अगदीच निराधार नाही. बंदिस्त सभागृहांत आणखी एक बंधन येते. क्रीडांगणावर निदान ६ मी. मोकळी उंची आवश्यक असते, आणि छतास वा दिव्यास लागलेला लॉब बाद ठरतो. त्यामुळे ठेंगण्या छताखाली खेळणाऱ्यास लॉबचे टोक बोथट करूनच तो वापरावा लागतो.