सुटे भाग आणि शस्त्र कायदा

नोएडाहून तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह नेमबाजी केंद्राकडे जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागते. पेटीत .२२ रायफलीची नळी आणि बोल्ट वेगळे ठेवले, तर ते शस्त्र उरते काय, असे मला विचारले जाते.

उरते. हे उत्तर १८७८ इतके जुने आहे. लिटनच्या कारकिर्दीतील शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या व्याख्येतच सुटे भाग घातले. त्यामागे १८५७ची धास्ती होती. युरोपीयांना मात्र सूट होती. या कायद्याविरुद्ध काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला. १९५९च्या कायद्याने तो रद्द झाला, तरी सुटे भाग व्याख्येत राहिलेच. म्हणून सुटे करणे ही वाहतुकीची सुरक्षितता आहे, परवान्यातून सुटका नव्हे.

काडतुसाचेही तसेच. ‘.२२’ एवढ्यावर भागत नाही: मॅग्नमचे कवच लाँग रायफलपेक्षा जाड व लांब असते, त्यामुळे अदलाबदल धोक्याची ठरते.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले, ते याच .२२ रायफलीने. अविश्वासातून जन्मलेली व्याख्या अशा खेळाडूला अडसर ठरू नये, हे पाहणे आता प्रशासनाच्या विवेकाचे काम आहे.